आबांची परवानगी

भंतेजींना स्टँडवर सोडून महेंद्र परत आला तोवर दारातला मांडव निम्मा उतरला होता. आबांचं वर्षाचं पुण्यानुमोदन नीट पार पडलं. खीर पुरली. भाषणं तीनच झाली, आणि त्यातल्या दोघा वक्त्यांनी आबांना खरोखर पाहिलेलं होतं. आता घरात घरचीच पाच माणसं उरली: आई, बायको, भावजय, पुतणी आणि तो स्वतः. भाऊ धरला तर सहा. पण तुषार गेली सहा वर्षं 'बाहेर असतो', आणि बाहेर म्हणजे नेमकं कुठं हे विचारायचं नाही, असं घरात न ठरवता ठरलेलं होतं.

तुषारची मुलगी सायली उद्या सकाळी संगमनेरला निघणार होती. दहावी झाली, डिप्लोमाला नंबर लागला, वसतिगृहात खोली मिळाली. पत्र्याची पेटी भरून ओट्यावर येऊन बसली होती. एकच काम राहिलं होतं आणि महेंद्रच्या मते ते पाच मिनिटांचं होतं. सायलीच्या फोनवर पालक म्हणून अजून आबाच होते. तिथं तिच्या आईचं नाव घालायचं.

आबा पालक झाले तेही रीतीला धरूनच. दोन वर्षांपूर्वी फोन घेतला तेव्हा पहिल्याच पडद्यावर प्रश्न आला, पालक कोण? रेशनकार्डावर, घरपट्टीवर, लग्नपत्रिकेवर जो क्रम असतो तोच इथंही लागला आणि सगळ्यांनी एकमतानं निवृत्त मुख्याध्यापक रंभाजी यांचं नाव सांगितलं. माधुरी तेव्हा चहाचा ट्रे धरून तिथंच उभी होती. तिला कुणी विचारलं नाही, कारण प्रश्न पालकाचा होता आणि ती फक्त आई होती. पुढं आबांनी ते काम मनापासून केलं. किती वेळ फोन चालू, कुठलं ॲप चालणार, साडेनऊला कुलूप, सगळं त्यांच्या हातात. पोरगी विनंती पाठवायची, आबा चष्मा लावायचे आणि बहुतेक वेळा नाही म्हणायचे.

महेंद्रनं सायलीचा फोन हातात घेतला, देखरेखीचं पान उघडलं आणि तिथंच थांबला.

'आज, सकाळी ७.१२. पालक रंभाजी यांनी वीस मिनिटं वाढवून दिली.'

त्यानं ते तीनदा वाचलं. मग खुर्चीवर ठेवलेल्या आबांच्या फोटोकडं पाहिलं. आबा नेहमीसारखेच, समोरच्यानं गृहपाठ केला नसेल अशा खात्रीनं बघत होते.

"सायली, ही वीस मिनिटं कुणी दिली?"

"आबांनी," ती म्हणाली, आणि पायाच्या अंगठ्याकडं बघत बसली.

"आबांना जाऊन वर्ष झालं."

"तिथं तसंच लिहून येतं, काका."

महेंद्रनं बायकोला हाक मारली. जया हात पुसत आली. तिच्यामागं माधुरी आली, आणि काहीतरी चाललंय म्हटल्यावर महेंद्रची आई चांगुणाबाईही उठून आल्या. मग असं निघालं की जयाला वाटत होतं महेंद्रच ऑफिसातून परवानग्या देतो. माधुरीला वाटत होतं ते यंत्राचं काम आहे, आपोआप होत असेल. अंगणवाडीचं ॲप तिला रोज आपोआप 'तुम्ही कुठं आहात' विचारतंच की. महेंद्रला वाटत होतं आबांबरोबर सगळं संपलं. म्हणजे वर्षभर प्रत्येकजण दुसऱ्यावर विसंबून होता आणि पोरीला परवानगी मात्र रोज मिळत होती.

"मग देतंय कोन?" चांगुणाबाई म्हणाल्या.

या घरात भूत नाही. छप्पन साली आबांचे वडील आसाराम यांनी देव्हारा पोत्यात घालून नदीत सोडला, तेव्हा त्याच पोत्यात भुतंखेतंही गेली असं घरात मानलं जातं. त्यानंतर इथं कुणाला काही दिसलं नाही. दिसलं असलं तरी ते बोलायची सोय राहिली नाही.

"आबांचा फोन कुठाय?" महेंद्रनं विचारलं.

"कपाटात. त्यांच्या चष्म्यासंगं. मी हातबी लावला न्हाई."

जयानं कपाटातून प्लास्टिकची पिशवी आणली. फोन कधीच मेलेला होता. आतली बॅटरी फुगली होती आणि पाठीचं झाकण तिनं उचलून टाकलं होतं, आतून कुणी हातानं ढकलावं तसं. सिम बंद होऊन सहा महिने झाले होते. महेंद्रनं तो उलटासुलटा केला, बटण दाबून बघितलं, आणि चष्म्याशेजारी पुन्हा निजवून ठेवला.

"एखादी विनंती पाठव," तो सायलीला म्हणाला. "अर्धा तास माग."

सायलीनं मागितला. फोन मधोमध, खिरीच्या रिकाम्या पातेल्यावरच्या ताटलीत ठेवला. बाहेर मांडववाल्यांनी शेवटचा पाइप टेम्पोत टाकला आणि टेम्पो गेला. बाजारातून जनावरं भरलेली एक गाडी रस्त्यानं गेली. आतल्या म्हशीनं एकदाच आवाज दिला. मग काहीच नाही. पाच माणसं एका ताटलीभोवती उभी होती आणि कुणाला खोकायचंही नव्हतं.

फोन थरथरला. स्टीलवर होता, त्यामुळं आवाज जरा मोठा झाला. जयानं माधुरीचा दंड धरला. पुढं तिनं हे कधी कबूल केलं नाही.

'पालक रंभाजी यांनी पंधरा मिनिटं मंजूर केली.'

"अर्धा तास मागितला हुता ना?" चांगुणाबाई हळूच म्हणाल्या. "त्यांनी कदी मागितलं तेवढं दिलंय का कुनाला."

*

जयाचा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता. म्हणजे भुतांवर नव्हताच, पण यंत्रांवरही नव्हता. तिचा विश्वास माणसांच्या आळसावर होता.

"आबांचं खातं काढलं कुणी होतं?" तिनं विचारलं.

सगळ्यांना माहीत होतं. बाजाराच्या फाटकाशी तुषारचं मोबाईलचं दुकान होतं. गावातल्या निम्म्या लोकांना त्यानंच खाती काढून दिली, आणि कुणी पासवर्ड विसरायला नको म्हणून सगळ्यांना एकच दिला: गावाचं नाव घोडेगाव आणि पुढं एक-दोन-तीन. गावातली निम्मी खाती आजही एकाच किल्लीनं उघडतात. गावाला हे माहीत आहे आणि गावाला त्याचं काही वाटत नाही.

"थांबा," जया म्हणाली. तिनं स्वतःच्या फोनवर आबांचा ईमेल टाकला, मग ती गावकीची किल्ली. पडदा क्षणभर पांढरा झाला.

"काय म्हणतंय?" महेंद्रनं विचारलं.

जयानं वाचलं. वाचताना तिचा आवाज बातम्या सांगणाऱ्या बाईसारखा झाला. "'आपला पासवर्ड सत्तेचाळीस दिवसांपूर्वी बदलण्यात आला आहे.'"

सायलीला सोडून सगळ्यांनी फोटोकडं पाहिलं. मनुष्य जाऊन तीनशे पासष्ट दिवस झाले होते. चांगुणाबाईंनी पदर अंगाभोवती घट्ट ओढून घेतला. आषाढ असला तरी थंडी नव्हती.

"सर्व्हरचा घोळ असेल," महेंद्र म्हणाला. पाटबंधारे खात्यात वरिष्ठ लिपिक असल्यामुळं हे वाक्य त्याला फार शांतपणे म्हणता यायचं.

"सर्व्हर पासवर्ड बदलतो का हो?"

"बदलूही शकतो."

"सत्तेचाळीस दिवसांपूर्वी काय होतं?" माधुरीनं विचारलं.

"प्रवेशाचा फॉर्म भरला," सायली म्हणाली. "याच फोनवरनं. संगमनेरचा."

"मग?"

"कुठली साइट उघडली ते पालकाला दिसतं. त्यातनं त्यांना कळलं असेल की मी जाणार, आणि तुम्ही पालक बदलणार. म्हणून किल्ली बदलली." ती पुन्हा अंगठ्याकडं बघायला लागली. "बाबा आहेत ते."

*

माधुरीनं मुलीला खाली बसवलं आणि समोर स्वतः बसली. अंगणवाडीत वजन करताना रडणाऱ्या पोरासमोर बसते तशी, हात गुडघ्यावर ठेवून.

"कधीपासून माहितीये तुला?"

"दिवाळीनंतर. मला टायफॉइड झालेला, नगरला ॲडमिट होते. आठवतंय? त्या आठवड्यात एकदाही कुलूप लागलं नाही. कुणी सांगितलं नव्हतं, मी मागितलं नव्हतं. ज्या दिवशी घरी आले त्या दिवशी साडेनऊला परत सुरू."

"आणि?"

"मग मी बघायचं ठरवलं. दुकानात असताना बाबा मला एक बेडकाचा गेम लावून द्यायचे. लहान पोरांचा. तो मी मागितला. आबांनी तर तो कधीच दिला नसता. दोन मिनिटांत मंजूर झाला."

"मला सांगितलं नाहीस."

"तू बंद केलं असतंस."

माधुरीनं मान हलवली. हे खरंच होतं.

"त्यांना हो, नाही आणि मिनिटं, एवढंच बोलता येतं," सायली म्हणाली. "मी रोज चारला विचारते. लागत नसलं तरी विचारते. मग ते देतात. कधी पंधरा, कधी वीस. आज कार्यक्रम होता म्हणून सकाळीच विचारलं. एकदा खूप वेळ काहीच आलं नाही, आणि मग चाळीस दिली. त्या दिवशी काय झालं असेल मला माहीत नाही."

महेंद्रनं नको तेव्हा माहिती दिली. तो फोन चाळत होता. "हे बघ, नकाशा. हा निळा ठिपका म्हणजे सायली. फोन जिथं जाईल तिथं ठिपका जातो."

"हा त्याला दिसतो?" माधुरीनं विचारलं.

"पालकाला दिसतो."

"कायम?"

"कायम."

माधुरीला नेवाशाच्या कोर्टातला बाक आठवला. पोटगीच्या दाव्याच्या यंदा तीन तारखा झाल्या होत्या. तिन्ही वेळा सायली शेजारी बसली होती आणि हा फोन तिच्या दप्तरात होता. तिन्ही वेळा नोटीस तशीच परत आली: सामनेवाल्याचा ठावठिकाणा नाही. शिरस्तेदारानं तो शेरा मोठ्यानं वाचला होता. आणि त्याच वेळी तुषार कुठंतरी बसून कोर्टाच्या आवारातल्या निळ्या ठिपक्याकडं बघत होता. सकाळी घरातून निघालेला, बाकावर चार तास थांबलेला, दुपारी तसाच परत गेलेला ठिपका. त्याचा ठावठिकाणा कुणाला नव्हता. यांचा त्याला होता. सहा वर्षं ती समजत होती की तो नाहीये. तिनं त्याच्या नसण्याची सवय केली होती, त्यात संसार मांडला होता, आणि आता कळत होतं की निदान वर्षभर तरी या खोलीत एक माणूस जास्तीचा होता. ती न्हाऊन याच खोलीत केस पुसत उभी राहायची, पोरीशी कोर्टाचं बोलायची, आणि फोन शेजारी उशीवर असायचा. फोनला ऐकू येत नाही, दिसत नाही, फक्त कुठं आहे एवढंच कळतं, हे महेंद्रनं तिला दोनदा समजावलं. तरी तिनं फोन ताटलीत पालथा घातला.

"जित्ता हाय," चांगुणाबाई म्हणाल्या.

कुणाला कळलं नाही आधी. म्हातारीचा चेहरा रडल्यासारखा होता की हसल्यासारखा, तेही कळलं नाही.

"माजा तुषार जित्ता हाय. सकाळी सात बाराला उठला हुता."

"आत्या," जया म्हणाली, "त्याच्याविरुद्ध कोर्टात जबाब तुम्हीच दिलाय."

"दिलाय. पुन्यांदा देईन. नवरा म्हनून त्यानं माती खाल्ली." त्या माधुरीकडं वळल्या. सहा वर्षं या बाईनं सुनेची बाजू सोडली नव्हती. भावकीशी, माहेराशी, स्वतःच्या नवऱ्याशी भांडली होती. "पर ह्ये राहू दे गं माधुरी. तोडू नको. तेवढंच हाय त्याचं."

"तेवढंच का आहे, आत्या? दार उघडंय की. एसटी थांबती दारात."

"लाज वाटत आसंल."

"मला वाटली नव्हती? त्या बाकावर?"

माधुरी सासूला असं कधी बोलली नव्हती, आणि दोघींनाही ते एकाच वेळी जाणवलं.

"मी सांगतो," महेंद्र म्हणाला. "सोपं आहे. ती पंधरा वर्षांची झाली, देखरेख तिची तिला बंद करता येते. बटण दाबलं की फोनला एक दिवस कुलूप, पालकाला निरोप जातो, संपलं."

"निरोप जातो?" जयानं विचारलं.

"नियमच आहे."

"म्हणजे ज्याला काढायचं त्याला आधी कळवायचं. वा. आणि त्याला कळल्यावर तो उद्या वसतिगृहाच्या फाटकावर उभा राहिला तर? फॉर्म त्यानं बघितलाच आहे." एरवी ही जाऊ माधुरीशी हळदीच्या डब्यावरूनही वाद घालायची. आता ती उठून तिच्या बाजूला जाऊन बसली. "नको हो. निरोप नको."

ताटलीत पालथा पडलेला फोन एकदा थरथरला आणि सगळ्यांचे खांदे आखडले. पंधरा मिनिटं संपली होती, एवढंच.

"बंद करायचं नाही," माधुरी म्हणाली. "हा फोन इथंच राहील. चार्जिंगला. सायली दुसरा फोन घेऊन जाईल, दुसऱ्या नंबरचा. त्याला ठिपका बघायचाय ना? बघू दे. ठिपका घोडेगावातच राहील."

"किती दिवस?" महेंद्रनं विचारलं.

"मी किती दिवस बघितलं?"

हे तिनं आवाज न चढवता म्हटलं. महेंद्रला आपल्या गरीब स्वभावाच्या भावजयीची पहिल्यांदाच थोडी भीती वाटली. एक माणूस कुठंतरी बसणार, ठिपक्याकडं बघणार, आणि त्या ठिपक्यात कुणीच नसणार. त्याला ते योग्यही वाटलं आणि अंगावर काटाही आला.

"आणि चारला कोण विचारणार?" सायली म्हणाली.

माधुरीनं पोरीकडं नीट पाहिलं. "तुला न्यायचाय का तो फोन? खरं सांग. नेणार असलीस तर मी अडवणार नाही. आज सांग फक्त. मागाहून मला कळायला नको."

सायलीनं फोन उचलला, सुलटा केला. पडद्यावर कुलूप होतं आणि खाली 'परवानगी मागा' असं बटण. तिनं त्यावर अंगठा ठेवला आणि दाबला नाही.

"मी विचारलं की ते उत्तर देतात," ती शेवटी म्हणाली. "टायफॉइडच्या वेळी त्यांना दिसत होतं की मी दवाखान्यात आहे. सात दिवस दिसत होतं. त्यांनी कुलूप काढलं. आले नाहीत." तिनं नाक ओढलं. "मला तिकडं कुणी नुसतं बघत बसलेलं नको, मम्मी."

मग ती उठली, आजीजवळ गेली आणि फोन तिच्या मांडीवर ठेवला.

"आजी, हे बघ. हे निळं दिसतं ना, हे दाबायचं. मग इथं पंधरा. मग हे. रोज चार वाजता. जास्त मागू नको, मी जास्त मागत नाही."

"मला वाचता कुटं येतंय बाई."

"वाचायचं काहीच नाही. हिरवं आलं की दिलं. लाल आलं की नाही."

चांगुणाबाईंनी फोन दोन्ही हातांत धरला. महेंद्र म्हणाला, ही शुद्ध फसवणूक आहे. जया म्हणाली, मग तक्रार कोण करणार, मेलेला की पळालेला? माधुरीनं पेटीची कडी लावून बघितली आणि पातेलं घासायला नेलं.

*

सायली गेली. पहिल्या दिवशी चांगुणाबाई साडेतीनपासूनच घड्याळाखाली बसल्या. चारला त्यांनी निळं दाबलं, पंधरा दाबले, आणि फोन तळहातावर पाखरासारखा धरून बसल्या. हिरवं आलं. मग कुलूप उघडून फोन पंधरा मिनिटं चालू राहिला आणि म्हातारी त्याच्याकडं बघत राहिली. तिला त्यात करायचं काहीच नव्हतं. गाणं नको, चित्रं नकोत. पंधरा मिनिटं झाली, कुलूप पडलं, त्या उठून तांदूळ निवडायला गेल्या.

असं रोज चाललं. जया येता-जाता बघायची आणि बघायचं टाळायची. सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट होती, तरी चारच्या सुमारास ती त्या खोलीत पाय ठेवत नसे. जो नाही तो देत होता, जी नाही ती मागत होती, आणि मधल्या म्हातारीचा श्वास तेवढा ऐकू यायचा. एकदा पाण्याचा टँकर आला म्हणून चांगुणाबाईंना पाच मिनिटं उशीर झाला. हंडा ठेवून त्या धावत आत आल्या तर फोन आधीच उघडलेला होता. मागायच्या आधीच हिरवं.

विसाव्या दिवशी दुपारी त्यांनी जयाला बोलावलं. आवाज दबका.

"जया, फोन बिगाडला वाटतं. काल आठालाच झोपेचं कुलूप पडलं. साडेनऊला पडत हुतं ना? आन सकाळच्या पारी साडेचारला आपोआप चालू झाला. मी उठून बसले तर ह्यो उजेड."

"आणा बघू."

जयानं देखरेखीचं पान उघडलं. बदल परवा केलेला होता. झोपेची वेळ: रात्री आठ. उठण्याची वेळ: पहाटे साडेचार. पालक, रंभाजी.

सायली आठला कधी झोपली नव्हती, आणि पहाटे साडेचार तिनं आयुष्यात पाहिली नव्हती. आठला या घरात एकच माणूस अंथरूण टाकतं आणि साडेचारला एकच उठतं. कॉलेजच्या दिवसांतही हा ठिपका घराबाहेर पाऊल टाकत नव्हता, न चुकता चारला मागत होता आणि नेमके पंधराच मागत होता. वीस दिवसांत त्यानं आईला ओळखलं होतं. ओळखूनही तो देत होता.

जयानं दाराकडं पाहिलं. ओसरीवर माधुरी अंगणवाडीचं रजिस्टर मांडीवर घेऊन वजनं उतरवत होती.

"काय झालं ताई?" माधुरीनं मान वर न करता विचारलं.

"काही नाही," जया म्हणाली. "आत्या वेळ विचारत होत्या."

मग ती खाली वाकली, फोन सासूच्या हातात परत दिला आणि तिच्या कानाशी म्हणाली, "बिघडला नाही. बरोबर चालतोय. तुम्ही आपलं चारला विचारत जा."